गुलाबी दप्तर

बेसबॉलमधल्या सर्वोत्तम नवख्याचं बक्षीस कुणाला, यावर आमचे गोलंदाज हंगामभर भांडले. "सिएटलच्या फलंदाजालाच!" आमच्यातला सर्वांत जुना गोलंदाज, म्हातारा हॅस्केल, मला डिवचायचा. "तो रोज राबतो. हे आपलं बाळ गोलंदाजीला शेवटच्या डावापुरतं उगवतं!" बाकीचे माझ्या बाजूनं ओरडायचे. मीही त्या वर्षीचा नवखाच होतो ना! नवख्यानं सगळ्यांचा खाऊ पोरींच्या गुलाबी दप्तरातून, भर मैदानातून आमच्या बाकापर्यंत न्यायचा, ही आमची रीत. प्रेक्षक खिदळायचे. शेवटच्या सामन्याला दप्तर जागेवर नव्हतं. बाहेर धावलो. हॅस्केल मैदान ओलांडत होता. दुखऱ्या खांद्यावर गुलाबी पट्टे ताणलेले. "अहो, द्या इकडे! लोक हसताहेत." "हसू देत. वर्षभर घोळ मी घालायचो, शेवटच्या डावात निस्तरायचास तू. नाहीतर जूनमध्येच मला घरी बसवलं असतं." "म्हणजे बक्षीस मला?" "ते सिएटलवाल्याचंच, बाळा!" बाकावर बसल्यावर त्यानं दप्तर उघडून माझ्यापुढे धरलं. "बोला साहेब, काय देऊ?"