वर्षासनाची साक्ष

देवळाची इनाम जमीन कायद्याने कुळांच्या नावावर झाली. तिच्या भरपाईचं वर्षासन घ्यायला देवळाचे वहिवाटदार हंबीरराव दर वर्षी कोल्हापूरच्या कचेरीत येत. ओळख पटवायला साक्षीदार लागे. तो ठरलेला होता, त्याच जमिनीचं कूळ असलेले खिजर मुल्लाणी. सही झाली की दोघं म्हातारे बाहेरच्या बाकावर बसून एकाच डब्यातलं खात आणि शेवटच्या एसटीपर्यंत बोलत राहत.

यंदा नवी कारकून स्नेहल म्हणाली, "आबा, आता पैसे थेट देवळाच्या खात्यात जमा होतील. तुम्ही यायची गरजच नाही."

खिजरचाचा खिडकीत वाकले.

"असं करू नगंस, पोरी. आमच्या दोघांची पोरं बांधावरनं एकमेकांवर कोर्टात गेल्यात. गावात ह्यो माझ्याशी बोलला, तर ह्येला घरात कोण भाकरी वाढत न्हाय. हितं सरकारी काम म्हणून तरी भेटतोय."

"गप की, खिजऱ्या! तिला कशाला सांगतोस?" हंबीरराव पुटपुटले.

स्नेहलने दोघांकडे पाहिलं. मग एक कोरा कागद ओढून तिने ठळक अक्षरांत लिहिलं, 'खाते जोडण्याच्या कामासाठी वहिवाटदार व साक्षीदार या दोघांनी दर महिन्याला समक्ष हजर राहावे.'

खाली कचेरीचा गोल शिक्का मारून तिने कागद खिडकीतून पुढे सरकवला.

"हे दोन्ही घरांत दाखवा."