फुटबॉलचा जाणकार

मुंबईला गोऱ्यांच्या जिमखान्यावर गुणाजीने बारा वर्षं फुटबॉलमध्ये हवा भरली होती. तेवढ्या भांडवलावर तो उरणच्या कोळीवाड्यात त्या खेळातला जाणकार ठरला. चहाच्या दुकानातल्या रेडिओवर सामन्याचं इंग्रजी धावतं वर्णन लागलं की तो ते मराठीत समजावून सांगायचा. इंग्रजी त्याला 'गोल'पलीकडे ओ की ठो कळत नसे. बाकीचं तो बेधडक ठोकून द्यायचा आणि ऐकणारे माना डोलवायचे.

कार्तिकातल्या एका दुपारी, खेळ ऐन रंगात असताना, रेडिओतला ओरडणारा आवाज मध्येच थांबला. दुसराच कुणी माणूस संथपणे काहीतरी वाचू लागला. तेच त्याने पुन्हा वाचलं, मग तिसऱ्यांदा. गुणाजीने कान टवकारले; त्यात 'गोल' एकदाही आला नाही.

"दादा, काय सांगतो त्यो?" धाकट्या भावाने, भिकूने विचारलं. भरती लागली होती, त्याची होडी निघायच्या बेतात होती. सगळं दुकान गुणाजीच्या तोंडाकडे बघत होतं.

"काय न्हाय. दोन गडी भांडले, पंच त्यांना समज देतोय. तू नीघ."

भिकूच्या मागोमाग आणखी सात होड्या गेल्या.

दिवेलागणीला त्याच रेडिओवर मराठी बातम्या लागल्या. "दुपारी दिलेला वादळाचा इशारा पुन्हा देत आहोत. मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये."

 

या खेपेला अर्थ विचारायला गुणाजीकडे कुणी वळलं नाही. सगळ्यांच्या माना समुद्राकडे वळल्या होत्या.