तिसरा घाव

दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी, तटबंदीआडच्या जुन्या बाजारातल्या लोहाराच्या दुकानात, तिने नव्या सुऱ्याचा पहिला घाव घातला. गिऱ्हाइकाने स्वतःच्या हाताने ओंडक्यावर तीन घाव घातल्याशिवाय हा लोहार सुरा विकत नसे.

शेजारच्या गल्लीत तिचा नवरा किंचाळला.

"ठेच लागली असेल, ताई," लोहार हसला. "पुरुषमाणूस ठेचेलाही गाव गोळा करतो."

तीही हसली आणि तिने दुसरा घाव घातला.

नवरा धडपडत दारात आला. दोन्ही खांदे हाडापर्यंत उघडे पडले होते. "मागे कोणीच नव्हतं गं," म्हणत तो गुडघ्यांवर कोसळला. मान पुढे झुकली.

ती सुरा टाकू पाहत होती. मूठ सुटेना.

"एकच राहिला, ताई," म्हणत लोहाराने ओंडका पुढे सरकवला.

बारा वाजून तेरा मिनिटांनी तिचा हात आपोआप डोक्याच्या वर गेला.