पाचवी बरगडी

मिस्त्रीने बोटीची फळी काढली. आतली बरगडी ठणठणीत होती.

जुनी शिडाची बोट शेडमध्ये टेकूंवर उभी होती आणि तिच्या पोटाशी तो गुडघे टेकून बसला होता. फळ्यांना आतून धरणाऱ्या पाचव्या बरगडीचा खालचा दोन हात भाग कोणीतरी बदललेला होता. जुन्या-नव्या लाकडाचा तिरका सांधा असा बसवलेला, की त्यात नखही शिरत नव्हतं. कोणीतरी कसलं? हे काम त्याच्या साडूचं. दोन वर्षांपूर्वीचं. आणि गेल्या वर्षी सगळी बोट नीट करून घ्यायचं ठरलं, तेव्हा मिस्त्रीनेच मालकीणबाईंना सांगितलं होतं, "वरून रंग आहे बाई, आत नुसता भुगा. फसवलंय तुम्हाला." एक फळीसुद्धा न उघडता सांगितलं होतं. काम याला मिळालं. साडू तेव्हापासून लोकांच्या खिडक्या आणि पलंग दुरुस्त करत होता.

"हीच ना ती सडकी?"

बाई मागे येऊन उभ्या होत्या. बोट त्यांच्या वडिलांची. शेडमध्ये रोज एक चक्कर असायचीच.

"हीच," मिस्त्री म्हणाला आणि त्याने करवत उचलली.

भुसा पिवळाधमक पडला. कोरडा, तेलकट वासाचा. सडक्या लाकडाचा भुसा काळा आणि ओलसर पडतो, हे त्याला वयाच्या बाराव्या वर्षापासून माहीत होतं. तो त्या भुशावर पाय ठेवून कापत राहिला. तुकडा सुटल्याबरोबर त्याने तो गोणीत टाकला.

"सुटलात एकदाच्या," तो बाईंना म्हणाला. दुपारचा डबा त्याने तसाच घरी नेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गोणी घेऊन साडूच्या दारात उभा राहिला. दार मेहुणीने उघडलं. बायकोची थोरली बहीण. वर्षभर बोलणं नव्हतं.

"या भाऊजी. वाट चुकलात?"

"दादा आहेत?"

"मागे आहेत. चहा टाकते. की आमच्या चहातही भुगा निघेल?"

तो खाली बघत मागच्या अंगणात गेला. साडू एका खुर्चीच्या पायाला सरस लावत होता. मिस्त्रीने गोणी उघडून तुकडा त्याच्यासमोर ठेवला.

साडूने तुकडा ओळखला. हातात घेतला, उलटा केला, कापलेल्या बाजूवरून अंगठा फिरवला.

"कापताना हाताला कळलं नाही?"

"कळलं."

"कधी?"

"करवतीच्या पहिल्याच ओढीला."

साडू रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने फक्त खुर्ची बाजूला सरकवली आणि सरसाच्या डब्याला झाकण लावलं.

"आता तिथे लाकूड भरायचं तर दोन्ही अंगांनी जोड द्यावा लागेल," तो म्हणाला. "एकट्याचं काम नाही ते."

"म्हणून तर आलो, दादा."

"येईन मी. बोटीचा काय दोष? पण बाईंना आधी तू सांगायचंस. सगळं. तोवर मी शेडच्या फाटकाच्या आत पाऊल टाकणार नाही."

मेहुणीने चहा आणून दिला. तो कडकडीत चहा मिस्त्रीने तसाच घशाखाली उतरवला.

शेडपर्यंत दोघे बरोबर चालत गेले. साडू हत्यारांची पिशवी खांद्याला लावून फाटकाबाहेर थांबला. मिस्त्री आत गेला. बाई बोटीच्या उघड्या भागात वाकून बघत होत्या, आणि त्यांचा चेहरा इतका खुशीत होता की मिस्त्रीला परत फिरावंसं वाटलं. फाटकाबाहेर साडू उभा होता, म्हणून फिरता आलं नाही.

"बाई, ती बरगडी चांगली होती."

"कुठली?"

"काल कापली ती. चांगली होती. माझ्या साडूने केलेलं काम होतं. तसं मला जमलं नसतं. भुगा वगैरे काही नव्हता. मला काम हवं होतं, म्हणून बोललो."

बाई सरळ उभ्या राहिल्या. त्यांनी फाटकाकडे पाहिलं, मग मिस्त्रीकडे.

"त्या माणसाला मी चारचौघांत नाही नाही ते बोलले," त्या हळूच म्हणाल्या. "तुमच्या शब्दावर."

मिस्त्रीने मान हलवली.

"बरं, खोटं बोललात तेव्हा बोललात. पण काल फळी उघडल्यावर तुम्हाला दिसलंच ना? मग कापलीत कशाला?"

साडूला त्याने पहिल्या ओढीला कळलं असं सांगितलं होतं; दिसलं होतं ते फळी निघताच. ज्या माणसाला हे ऐकण्याचा पहिला हक्क होता, तो फाटकाबाहेर पाठ करून उभा होता.

"तुम्ही बघत होतात," तो म्हणाला.