पहिलं पाकीट

पोट उघडल्यावरच पाकीट फोडायचं, हा नियम सर्जनसाहेबांचाच. दोन्हींतली सरस कोणती हे निःपक्षपणे ठरवायला, आतली चिठ्ठी सांगेल तीच शस्त्रक्रिया: जठराच्या कर्करोगावरची जुनी, नाहीतर त्यांनी शोधलेली नवी. आज टेबलावर रुग्ण म्हणून वीस वर्षं त्यांच्या हातात कात्री देणारी सिस्टरताई होती. भुलीआधी पाकिटावर स्वतःचं नाव लिहीत तिनं दटावलं होतं, "साहेब, शेकड्यानं पाकिटं फोडलीत मी. माझ्या वेळी लबाडी नको हं." मदतनीस डॉक्टरनं चिठ्ठी वाचली, "जुनी." साहेब म्हणाले, "दुसरं फोड." "सर, नियम..." "फोड म्हणतो ना." तिसऱ्यात एकदाची 'नवी' निघाली. देवाचं नाव घेऊन त्यांनी पाच तास जीव ओतला. नवव्या दिवशी ताई गेली. चार वर्षांनी संशोधनाचा निकाल लागला: जुनी शस्त्रक्रिया झालेले जास्त जगले. साहेबांनी कपाटाचा खण उघडला. पहिलं पाकीट तिथंच होतं, ताईच्या वळणदार अक्षरातल्या नावासकट.