वाकडे खिळे

“ही फळी तुझ्या आत्याच्या काय उपयोगाची गं?” बाईंनी विचारलं.

सहावीच्या वर्गात बाकं भिंतीकडे सरकवून मधे प्रकल्प मांडले होते. घरातल्या एका माणसाची अडचण घालवणारी वस्तू, स्वतः डोकं चालवून केलेली. बाईंचा नियम एकच. नुसतं ‘छान’ म्हणून सुटायचं नाही, प्रश्न विचारायचे.

चिमीची फळी सगळ्यांत देखणी होती. कडा गोल, अंग घासून गुळगुळीत. मागे तिचे बाबा उभे होते, हाडाचे सुतार. कामावरून हत्यारांच्या पिशवीसकट तडक शाळेत आले होते, आणि खरं सांगायचं तर फळीकडे बघून त्यांचीच छाती फुगली होती.

“आत्याला भाजी चिरायला,” चिमी पुटपुटली.

“पण तुझ्या आत्याचा डावा हात हलत नाही ना?” समोरच्या मुलीने विचारलं. “मग बटाटा धरायचा कुणी?”

बाबांना राहवेना.

“सांग की. तोंडात मिठाची गुळणी धरलीयस का?”

चिमीने वही उघडून बाईंपुढे धरली. पेन्सिलीने काढलेली फळी, तिच्यातून टोकं वर करून आलेले तीन खिळे आणि त्यांवर खोचलेला बटाटा. खाली लिहिलं होतं, ‘आता एक हात पुरतो.’

“अगं, हे तर झकास सुचलंय तुला,” बाई स्वतःचाच नियम विसरल्या. “मग खिळे कुठे गेले?”

खिळे बाबांनीच उपटले होते. रविवारी पोरगी फळी घेऊन दाखवायला आली, तर खिळ्यांची टोकं आरपार बाहेर, तीही तिरकी. सुताराच्या घरात असलं काम? ‘वाकडे मारलेस. दे इकडे,’ म्हणत त्यांनी पक्कड लावली, भोकं बुजवली आणि दुपारभर फळी घासत बसले.

“मला सांगायचं नाहीस का बाळा?” बाबांनी आता विचारलं.

“सांगत होते,” चिमी म्हणाली. “तुम्ही म्हणालात, मधे मधे करू नकोस.”

वर्गात कुणी हसलं नाही. बाबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“प्रदर्शन संपायला अजून तासभर आहे,” बाई हळूच म्हणाल्या. “होईल तेवढ्यात.”

बाबांनी घाईघाईने पिशवी उपसली. तीन लांब खिळे काढले, फळी उलटी केली आणि हातोडी लेकीच्या हातात ठेवली.

चिमीने ती थोडा वेळ नुसती धरली. मग दांडा त्यांच्याकडे करून परत दिली.

“तुम्हीच मारा, बाबा. माझे वाकडे जातात.”