पहिली हाक

"झोराऽऽ… वीलाऽऽ…"

बाबांची हाक आधी यायची, बग्गी मागून. वळणावर धूळ दिसायच्या आधीच लहानग्या यान्याला कळायचं, बाबा आले. दोन्ही घोड्या पांढऱ्याशुभ्र, एका उंचीच्या. पण हाकेत झोराचं नाव नेहमी पहिलं. लाडकी ती लाडकीच.

आज गावच्या अश्वमेळ्यात यान्याने तीच हाक मारली, फक्त वीलाच्या जागी सोकोल घोड्याचं नाव घेऊन, अगदी बाबांच्या सुरात. हातात लगाम नव्हता. शेवटच्या कसोटीची रीतच तशी: पंचांसमोर बग्गी थांबवायची, लगाम सोडायचा, यजमानाने दिलेला वाइनचा पेला दोन्ही हातांत धरायचा आणि नुसत्या आवाजावर जोडी चालवायची. बाबा होते तोवर हा पेला दरवर्षी त्यांचा. बाहीला कधी डाग नाही.

उजवीकडचा सोकोल निघाला. डावीकडची झोरा उभीच राहिली. बग्गी तिरकी झाली आणि सगळी वाइन यान्याच्या पांढऱ्या झग्यावर आली.

कुंपणाशी बसलेल्या तांबुरित्सावाल्या गवयांना तेवढंच हवं होतं. तारा छेडत त्यांनी तिथल्या तिथे जोडलं:

"घोडा म्हणे जाऊ, घोडी म्हणे राहू,
यान्याबाईच्या झग्यावर वाइन किती पाहू!"

कुरण हसलं. यान्याही हसली, ओठ चावून.

"हसू देत," तिचा नवरा पावो म्हणाला. "मला झोराची लाथ बसली तेव्हा कुणी हसलं नव्हतं. मागून चांगला ओरडत गेलो होतो की नाही? तरी हाणलीच ना?"

"उद्याचा दिवस दे, पावो. उद्या पुन्हा एक फेरी आहे."

"दिला. पण उद्याही अशीच अडली, तर सोमवारी खाटीक येऊन घेऊन जाईल. मी शब्द दिलाय. पोरं फिरतात गं तबेल्यात."

पावो वाईट माणूस नव्हता.

रविवारी प्रार्थना आटोपली आणि मेळ्याची तोफ उडाली. कुरणावरचे सगळे घोडे दचकले, दोन तर दोर तोडून पळाले. झोरा मात्र शांतपणे गवत चघळत होती.

"बाई गं, काय धीराची घोडी!" शेजारची आजी म्हणाली. "हिला कोण वाईट म्हणतं?"

यान्याला भरून आलं. बाबा गेल्यावर वाटणीच्या वेळी पहिली निवड थोरल्या भावाची होती. इलियादादा झोराच घेणार हे सगळं गाव धरून होतं. त्याने वीला घेतली. यान्या त्याच्या गळ्यात पडून रडली होती: बाबांची लाडकी तू मला ठेवलीस! दादाने नजर वळवली. त्यानंतर तो तिच्या दारात कधी आला नाही.

आणि आज तोच समोरून येत होता, वीलाला दोराने धरून.

"सोकोलला सोड," तो म्हणाला.

"आणि तुझी फेरी?"

"माझी फेरी गेली खड्ड्यात. वीला उजवीकडे. जवळ घे, अजून जवळ. खांद्याला खांदा लागू दे."

झोराने वीलाच्या मानेत तोंड खुपसलं. ती बराच वेळ तशीच राहिली.

पंचांसमोर यान्याने लगाम सोडला. पेला काठोकाठ होता. तिने डोळे मिटले आणि हाक मारली, "झोराऽऽ… वीलाऽऽ…"

वीलाचा खांदा हलला. त्याच श्वासात झोराचाही. बग्गी अशी निघाली, जशी नदीवरची होडी. यान्याने पेला ओठांना लावला, रिकामा केला आणि उपडा करून दाखवला. तांबुरित्सावाले टोप्या उडवत उठले. पावोनेही टोपी काढली.

"सांगतो खाटकाला," तो पुटपुटला. "येऊ नको म्हणून."

यान्या उडी मारूनच उतरली.

"ऐकलंस ना, दादा? आज लागला बाबांचा सूर! तिने हाक ओळखली. माझाच गळा कच्चा होता रे इतके दिवस."

इलिया घोड्यांचे पट्टे सोडत होता. एकेक पट्टा, सावकाश. मग वीलाचा दोर त्याने यान्याच्या हातात दिला आणि तिची मूठ आपल्या हाताने मिटवली.

"हिला घेऊन जा. दोघींना एकत्र ठेव."

"अरे पण का?"

त्याने या वेळी नजर वळवली नाही.

"झोराला ऐकू येत नाही, यान्या. जन्मापासून. हाक वीला ऐकायची, झोराला तिच्या खांद्यातून कळायचं. कुणाला संशय येऊ नये म्हणून बाबा झोराचं नाव पहिलं घ्यायचे. मला शपथ घातली होती त्यांनी." त्याने झोराच्या मानेवर हात ठेवला. "वाटणीच्या दिवशी हे मला ठाऊक होतं."